विद्यावेतन वाढले, पण हाती कधी?

पीएच.डी. झालेले तरुण परदेशी का जातात, यावरचा रविवारच्या अंकातील लेख वाचला. त्यात सारा भर विद्यावेतनाच्या रकमेवर आहे. ती अपुरी असेलही. पण १ जानेवारी २०२३ पासून केंद्राने रिसर्च असोसिएटचे, म्हणजे पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्या ‘पोस्टडॉक’चे, सुरुवातीचे विद्यावेतन दरमहा ४७ हजारांवरून ५८ हजार केले, घरभाडे भत्ता वेगळा. खरे दुखणे ते वेळेवर न मिळण्याचे आहे. मी एका विद्यापीठात पोस्टडॉक असताना पहिले पाच महिने खात्यात रुपया जमा झाला नाही. कारण दर वेळी तेच : मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचे अनुदान कसे खर्च झाले याचा दाखला) लेखा विभागात सहीसाठी पडून, आणि ते गेल्याशिवाय पुढचे अनुदान येत नाही. पाच तारखेला दारात उभ्या राहणाऱ्या घरमालकाला हे प्रमाणपत्र म्हणजे काय, ते समजावून मी थकलो!

विद्यापीठांनी यासाठी छोटा फिरता निधी ठेवावा, दरमहा पैसे द्यावेत आणि अनुदान आले की वळते करून घ्यावेत. रक्कम मंजूर झालेलीच असते, त्यामुळे जोखीम फारशी नाही. पोस्टडॉक विद्यार्थीही नाही आणि कर्मचारीही नाही, त्यामुळे त्याची फाइल कोणत्या टेबलाची हेच ठरलेले नसते. तेवढे तरी आधी ठरवावे.

– एक माजी संशोधक, पुणे