मीटर पडलं आणि ऐकू आलं

सोलापूर,
किंक्रांत, रात्री उशिरा

प्रिय मित्रा,

काय बे, आहेस का? तिळगूळ कुरिअरनं टाकलाय. शेंगाचटणीही त्याच खोक्यात आहे, त्यामुळं वडीला चटणीचा वास लागला असेल तर तसाच खा आणि गोड बोल. इथं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलीय, होम मैदानाकडनं पाळणेवाल्यांचे भोंगे आत्ताही ऐकू येतायत. मी चार दिवस रानात मुक्कामाला होतो म्हणून तुझे दोन्ही फोन हुकले. त्याची भरपाई म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तुमच्या जुन्या वाड्यातला तो लाकडी रेडिओ आठवतो? काटा पार उजवीकडं नेला की शेवटी सोलापूर केंद्र लागायचं, १६०२ किलोहर्ट्झ. त्याच्या पुढं काटा सरकायचाच नाही. रेडिओ तिथंच संपतो अशी आपली समजूत. मी सध्या त्याच्या जरा पलीकडं राहायला गेलोय, १.८ मेगाहर्ट्झला, हौशी रेडिओवाल्यांच्या म्हणजे हॅमच्या एकशेसाठ मीटरच्या बँडवर. आणि याला जबाबदार तू आहेस. मागच्या दिवाळीत माझ्या माडीवर बसून तू म्हणालास, "तू वरडतोस लई, पण ऐकतोस कुठं?" हसून सोडून दिलं मी, पण ते लागलं होतं.

खरंच होतं ते. माझा मोर्स युरोपात पोचत होता, तिकडचे आपोआप ऐकणारे रिसीव्हर इंटरनेटवर माझा कॉल, म्हणजे माझ्या स्टेशनचं नाव, दाखवत होते. म्हणजे माणसं मला उत्तर देत असणार आणि मी बहिऱ्यासारखा पुन्हा सीक्यू, सीक्यू (कुणी आहे का, कुणी आहे का) करत बसायचो. आमच्या गल्लीत काय आहे ते तुला माहीतच आहे. खाली यंत्रमाग, समोर एलईडीचे दिवे, बाजूच्या गच्चीवर सोलरचा इन्व्हर्टर. सेट लावला की मीटरचा काटा आवाजानंच अर्ध्यावर. बोलणाऱ्याला पॉवर वाढवता येते, ऐकणाऱ्याला काय वाढवता येतं? आवाज वाढवला की खरखरही तितकीच वाढते.

मग रानातल्या पत्त्याची परवान्यात नोंद करून घेतली आणि सगळं तिकडं हलवलं. माग नाहीत, दिवे नाहीत. तरी खरखर होतीच, कमी पण वेगळी. ती आपल्या गावची नव्हतीच. या दिवसांत विजा कुठं कडकडतात? विषुववृत्ताच्या खाली. इंडोनेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आपल्या आग्नेयेला, दक्षिण आफ्रिका नैऋत्येला. तिथल्या विजेचा कडकडाट रात्री आयनोस्फिअरवरनं, म्हणजे हवेच्या पार वरच्या थरावरनं, टप्पे घेत आपल्या रानात येऊन पडतो. आणि मला ऐकायचाय युरोप, तो वायव्येला. म्हणजे वायव्येकडं तोंड करून आग्नेयेकडं पाठ फिरवणारा कान पाहिजे. मोठा कान नको, एकाच बाजूनं ऐकणारा पाहिजे. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

पहिला प्रयत्न बेव्हरेजचा. हॅरल्ड बेव्हरेजनं शोधलेली, नुसत्या लांब वायरीची ऐकायची अँटेना, १९२१ ला त्याचं पेटंट निघालं. त्याच वर्षी डिसेंबरात पॉल गॉडली नावाचा अमेरिकन गडी स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसनला समुद्राकाठी तंबू ठोकून बसला आणि असल्याच वायरीवर त्यानं अमेरिकेतले हौशी लोक अटलांटिकच्या अलीकडं ऐकले. मला त्या तंबूचं फार अप्रूप. म्हणून बांधाला बांध धरून १८० मीटर वायर नेली, बाभळीच्या मेढींवर, डोक्याच्या वर. वायव्येच्या टोकाला ४५० ओहमचा रेझिस्टर आणि जमिनीत पहार, अलीकडच्या टोकाला ट्रान्सफॉर्मर. साधी गोष्ट आहे, पण तिला बांध सरळ लागतो आणि शेजारी सरळ लागतो. पंधरा दिवसांत उसाच्या ट्रॉलीनं एकदा नेली, पुढच्या आठवड्यात बैलानं शिंगाला लावून एकदा. आणि गंमत म्हणजे आपली जमीनही तिच्या मनासारखी नाही. बेव्हरेजला मुरमाड, खडकाळ, वीज न वाहणारं रान आवडतं. आपलं काळं रान ओलं असलं की ती मलूल होते. ज्वारीला जे मानवतं ते वायरीला मानवत नाही.

तेव्हा तो नाद सोडला आणि चार खांबांची अँटेना उभी केली. तुला नीट सांगतो, कारण तुलाही हे जमेल, तुझ्या सासुरवाडीचं रान नुसतं पडून आहे.

वीस मीटरचा चौरस, चारही कोपऱ्यांवर सात मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पाईप, खाली पीव्हीसीचा तुकडा म्हणजे जमिनीला चिकटत नाही. वरनं छत्रीसारख्या चार वायरी, त्यांच्या टोकाला नायलॉनची दोरी. त्याच वायरी पाईपाला ताणही देतात. आखणी आमच्या आण्णांनी केली, गवंड्यासारखी, तीन-चार-पाच फुटांच्या दोरीनं काटकोन काढून. मी टेप आणि फोनमधलं होकायंत्र घेऊन नाचत होतो. त्यांनी कर्ण मोजायला लावला, २८ मीटर २८ सेंटिमीटर यायला पाहिजे होता. २८ मीटर ३० आला, तर म्हणाले, "दोन बोटं चालतात, घर बांधायचं नाही." पाईप उभे करताना मात्र वारा सुटला आणि चौघं चार बाजूंनी दोऱ्या धरून यात्रेतला नंदीध्वज पेलल्यासारखे झुलत होतो. सालगडी तर मोठ्यानं हर्र बोला हर्र म्हणाला.

चौरसाचे कोपरे बरोबर वायव्य, ईशान्य, आग्नेय, नैऋत्य असे धरलेत. वायव्येला युरोप, ईशान्येला जपान, आग्नेयेला ऑस्ट्रेलिया, नैऋत्येला आफ्रिका. सोलापूरला ही देवाची देणगीच म्हण, चार कोपऱ्यांत जग बसतं.

प्रत्येक खांबाच्या बुडाला कॉइल आणि रेझिस्टर. रेझिस्टरमध्ये सिग्नल जाळायचा म्हणजे तुला पाप वाटेल, मलाही वाटलं. पण त्यामुळं चारही खांब ७५ ओहमवर येतात आणि ऊन-पावसानं एकमेकांपासून फारसे ढळत नाहीत. या बँडवर सिग्नल बराच छोटा झाला तरी बाहेरची खरखर सेटच्या स्वतःच्या आवाजाच्या वरच असते, मग मागनं छोटा अँप्लिफायर लावून भागतं. ७५ ओहम का, तर केबलवाल्याची टीव्हीची केबल, आरजी-सहा, तेवढ्याचीच असते. आपल्या गल्लीतल्या केबलवाल्याची निम्मी गिऱ्हाईकं छत्र्यांवर आणि फायबरवर गेली, त्याच्याकडं बंडलं धूळ खात पडली होती. चहाच्या पैशांत दिली त्यानं.

आता खरी करामत. आग्नेयेचा कडकडाट आधी मागच्या खांबाला लागतो, मग मधल्या दोघांना, सगळ्यात शेवटी पुढच्या, वायव्येच्या खांबाला. मागच्याला लांब केबलीत फिरवायचं, मधल्यांना त्याच्या निम्म्या, पुढच्याला फिरवायचंच नाही. आधी आलेल्याला बसवून ठेवायचं, म्हणजे चौघांच्या केबली जिथं एकत्र येतात त्या पेटीत चौघं एकाच क्षणी पोचतात. मग मधल्या दोघांचा सिग्नल उलटा करायचा. एक वजा दोन अधिक एक. शून्य. आग्नेय गप्प! समोरनं, युरोपकडनं, येणाऱ्याला मात्र उशिरावर उशीर साचत जातो, त्याचं पुरतं शून्य होत नाही, थोडं उरतं. ते थोडंच आपलं.

केबलमध्ये लहर हवेतल्या ८३ टक्के वेगानं जाते, म्हणून कर्णाच्या निम्म्या, १४.१४ मीटरच्या जागी ११.७ मीटरचा तुकडा आणि २८.२८ च्या जागी २३.५ चा. बंडलावर छापलेल्यावर विश्वास ठेवू नको. ११.७ मीटरचा तुकडा टोक उघडं ठेवून नॅनोव्हीएनएला, म्हणजे केबल-अँटेना तपासायच्या छोट्या यंत्राला, लावला तर त्याच्या आलेखात ५.३ मेगाहर्ट्झला खड्डा पडायला पाहिजे. पहिल्या बंडलाचा तिथंच पडला. दुसऱ्याचा ५.१ ला. छाप तीच, रंग तोच. टोकाला अर्धा मीटर कापावं लागलं.

आणि आता माझी फजिती. हे कुणाला बोललो नाहीये.

ऑक्टोबरच्या शेवटी जोडणी झाली. दिशा बदलायचा स्विच वायव्येला केला आणि आवाज असा भरभरून आला की मी खुर्चीतनं उठलो. काटा पाहिला, नुसत्या एका खांबापेक्षा कितीतरी वर. आण्णांना हाक मारून दाखवला. पण रात्रभर बसून युरोपचं एकही स्टेशन धड कळेना, नुसता कडकडाट. परतीच्या पावसाचे ढग पूर्वेला तेलंगणाकडं चमकत होते, डोळ्यांनी दिसत होते. वीज चमकली की कानात तडतड, चमकली की तडतड. आणि मी तर पाठ करून बसलो होतो की तिकडं! तीन रात्री मी केबलींना शिव्या दिल्या.

चौथ्या दिवशी पेटी उघडून भिंगानं बघितलं. मधल्या दोघांना उलटं करणारा ट्रान्सफॉर्मर, शेंगेएवढ्या दोन भोकांच्या फेराईटवर हातानं गुंडाळलेला, त्याची दोन टोकं मी अदलाबदल करून डकवली होती. उलट्याचं सुलट. म्हणजे एक वजा दोन अधिक एक नाही, एक अधिक दोन अधिक एक. चौघंही खांब मिळून कान लावून बसले होते ते थेट ढगाकडं, आणि युरोप त्यातल्या त्यात कमी. मी चार पट कडकडाट ऐकून खूश झालो होतो.

सोल्डरचा डाग सोडवला, टोकं फिरवली, पुन्हा डाग दिला. सेट लावला तर काटा धाडकन खाली. युरोपचाच सिग्नल म्हटलं तर नऊ डेसिबलनं पडला, मीटरवरची दीड घरं. कडकडाट त्याहूनही खाली, जवळजवळ दिसेनासा. आण्णा म्हणाले, "बिघडवलंस वाटतं." हेडफोन त्यांच्या कानाला लावला. बारीक, अगदी बारीक, पण स्वच्छ, डा डिट डा डिट. त्यांना मोर्स येत नाही. ते म्हणाले, "कोणतरी दुरून बोलवतंय."

त्यानंतरही एक कटकट राहिली, ती तुझ्यापर्यंत आली तर माझे दिवस तरी वाचव. केबलच्या बाहेरच्या जाळीवरनं डीपीचा आणि मोटारीच्या स्टार्टरचा गुणगुणाट चालत थेट खांबांपर्यंत जातो आणि तिथनं चोरपावलांनी आत येतो. फेराईटच्या मोठ्या रिंगेवर केबलचे दहा-बारा वेढे घेतले, शेताच्या बाजूला जाळीला वेगळी पहार दिली, तेव्हा थांबला. आणि माझी बोलायची अँटेना, उलट्या इंग्रजी एलसारखी वायर, ऐकताना रिलेनं तोडून टाकतो, नाहीतर ती जवळ उभी राहून सगळी खरखर चौघांना सांगत बसते. काही माणसं असतात तशी.

परवाची गोष्ट सांगून थांबतो. पहाटे पाचला थ्री फेज गेली. सगळं शिवार लाईट आली का म्हणून उठून बघतं, मी लाईट गेली की उठतो. मोटारी बंद, बॅटरीवर सेट, बँड विहिरीसारखा शांत. शेकोटीवर कालची भाकरी शेकत ठेवलेली. सूर्य उगवायच्या वीसेक मिनिटं आधी, पूर्वेला जरा तांबूस झालं तेव्हा, फिनलंडचं एक स्टेशन सीक्यू देताना ऐकलं. तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली. नैऋत्येला स्विच फिरवला, गायब. आग्नेयेला, नुसता कडकडाट. वायव्येला परत, हा आला! तीनदा फिरवून बघितलं, पोराला नवीन खेळणं मिळाल्यासारखं. मग उत्तर दिलं. माझा सिग्नल कसा येतोय त्याचा रिपोर्ट त्यानं दिला, मी त्याचा, आणि दोन्ही बाजूंनी पहिल्या झटक्यात कळलं. दिवस उगवला तसा तो विरत गेला, सात वाजून पाच मिनिटांनी नाहीच.

आता होळीपर्यंतच हे. नंतर वळिवाच्या विजा डोक्यावर आल्या की कुठल्या बाजूला पाठ करणार?

तू परवाना नूतन केलास का? नसशील तर कर. आणि फेब्रुवारीत हुतात्मा एक्स्प्रेसनं ये, दोन रात्री रानात झोपू, हुरडा असेलच. आण्णा विचारत होते, तो येणार असेल तर बाजेला नवीन सुंभ भरून घेतो म्हणून.

तुझाच,
माडीवरचा बहिरा

ता. क. येताना तिकडच्या बाजारातनं फेराईटच्या मोठ्या रिंगा चार आण, ३१ नंबरच्याच. दुकानदार "सगळ्या एकच असतात" म्हणेल, त्याचं ऐकू नको.