दाताला लागेल इतकाच

इंदूर,
गुरुवार, रात्रीचे पावणेदहा

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी फारसं बोललो नाही. तू म्हणालास, "बाबा, पास्ता केला होता, लगदा झाला, टाकून दिला आणि बाहेरून मागवलं." तेव्हा साडेदहा वाजले होते आणि तुझं जेवण अजून यायचं होतं. फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. अन्न टाकलंस याचं वाईट वाटलंच. पण दिवसभर काम करून आलेला माझा मुलगा स्वतःसाठी गॅसपाशी उभा राहिला आणि त्याला कुणी आधी काही सांगितलेलंच नव्हतं, हे जास्त लागलं. ते सांगणं माझं काम होतं. तू इथं होतास तोवर पोहे आणि खिचडीपलीकडे तुला काही शिकवलं नाही.

म्हणून मंगळवारी मी पाकीट आणलं. एकदा त्या रात्री आणि एकदा आज, असा दोनदा पास्ता करून पाहिला, मगच लिहायला बसलो. तुझ्या आईच्या शिकवण्या आठला सुटतात, त्यामुळे मी निवृत्त झाल्यापासून संध्याकाळचा ओटा माझ्याकडेच आहे, हे तुला माहीत आहे. आज ती घरात शिरली तेव्हा ताटं वाढलेली होती. हे जमण्यासारखं आहे, एवढं सांगायला ते पुरे.

आता तुझा लगदा. फोनवर मी तुला तीन गोष्टी विचारल्या होत्या: पातेलं केवढं, पाणी किती, आणि पास्ता कधी टाकलास. तू म्हणालास, चहाचं पातेलं, बुडेल इतकं पाणी, आणि गॅस लावतानाच टाकला. दोष तिथेच होता. तू पास्त्याला भातासारखं वागवलंस. भातात पाणी जिरवायचं असतं. पास्त्याला पाणी भरपूर द्यायचं आणि शेवटी काढून टाकायचं. थोड्या पाण्यात तो कोमट असल्यापासून भिजत पडला, वरचा स्टार्च सुटला, पाण्याची खळ झाली आणि त्या खळीनं तुकडे एकमेकांना चिकटवले. तुझ्याकडे मोठं पातेलं नाही, पण पाच लिटरचा कुकर आहे ना? झाकण बाजूला ठेव आणि तोच वापर. एका माणसाला शंभर ग्रॅम सुका पास्ता पोटभर होतो आणि शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी. तू आणि तुझा खोलीतला मित्र, म्हणजे दोनशे ग्रॅम आणि दोन लिटर.

दुसरी गोष्ट पाकिटाची, आणि इथं मला थोडं सविस्तर लिहू दे, कारण माझं आयुष्य गव्हात गेलं. पाकीट उलटं करून घटक वाच. 'ड्युरम गव्हाचा रवा' असं असेल तर घे. मैदा किंवा नुसताच गव्हाचा रवा लिहिला असेल तर राहू दे. इटलीत तर १९६७ पासून कायदाच आहे की सुका पास्ता ड्युरमच्याच रव्याचा हवा. त्याचं कारण दाण्यात आहे. ड्युरमचा दाणा काचेसारखा कडक असतो आणि त्यातली प्रथिनं स्टार्चला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे उकळत्या पाण्यातही आकार मोडत नाही. पास्त्याचा पिवळसर रंगही त्या दाण्याचाच, वरून घातलेला नव्हे.

आणि हा ड्युरम म्हणजे कोण, तर आपला कठिया. छावनीच्या मंडीत आम्ही त्याला मालवराज म्हणायचो. शरबती आणि लोकवन पोळीसाठी जायचे, मालवराज रव्याला, दलियाला आणि बाफल्याला. तुला दाल-बाफले आवडतात. बाफला म्हणजे तो कणकेचा गोळा आधी पाण्यात उकळून मग भाजतात आणि तरी फुटत नाही, ते याच गव्हामुळे. दख्खनेत याला बन्सी म्हणतात. आपल्या इंदूरचं गहू संशोधन केंद्र १९५१ पासून आहे. मालवशक्ती, पोषण, पूसा मंगल, पूसा तेजस ही कठियाची वाणं तिथूनच निघाली आणि माळव्यातल्या शेतांत गेली. त्यातल्या कितीतरी वाणांची पोती मी या हातानं उघडली आहेत. दुकानातलं ते परदेशी चित्राचं पाकीट हातात घेतलं की मला परकं काही वाटत नाही.

आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग हे वळवटच की." आणि ते अगदी खरं आहे. गव्हले, मालत्या, नखुले, शेवया, हे सगळं रवा आणि पाणी मळून, हातानं वळून, उन्हात वाळवलेलं. तिच्या लग्नात रुखवतात मालत्यांची परात होती, ती कुणी वळली हे तिला अजून आठवतं. दक्षिण इटलीत बायका ड्युरमच्या रव्याच्या छोट्या गोळ्या अंगठ्यानं दाबून कानाच्या पाळीसारखा पास्ता करतात. आपल्या बायका नखानं दाबून नखुले करायच्या. अंडं त्यातही नाही आणि यातही नाही. सिसिलीत असे पदार्थ करून जहाजांनी बाहेर पाठवतात, असं अल-इद्रिसी या भूगोलकारानं ११५४ मध्ये लिहून ठेवलं आहे. टोमॅटो तिकडे पोचला त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. आणि वरणफळं तर तू लहानपणापासून खातोस. शिजत्या वरणात कणकेचे तुकडे सोडायचे, आणखी काय? तेव्हा 'मला पास्ता येत नाही' हे यापुढे म्हणू नकोस.

आता करायचं कसं ते.

घरात शिरलास की हातपाय धू आणि सगळ्यात आधी पाणी ठेव. कपडे बदलणं, फोन बघणं नंतर. दोन लिटर पाण्याला झाकून उकळी यायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुझी चिराचिरी होते. पाण्यात तेल घालू नकोस. तुझ्या मित्रानं सांगितलं असेल, पण ते तेल वर तरंगतं, पास्ता निथळताना त्याला लागतं आणि मग टोमॅटोचा रस त्यावर टिकत नाही, घसरून ताटात उतरतो. मीठ मात्र घाल, दोन लिटरला दोन सपाट चहाचे चमचे. इटलीतल्या घरांत याहून जास्त घालतात, पण आपण नंतर वर चीज आणि शेव घालणार आहोत.

तोवर पाच पिकलेले टोमॅटो अर्धे काप आणि कापलेली बाजू खिसणीवर घास. गर खाली पडतो आणि साल हातात राहते. ना उकडायला लागत ना मिक्सर. लसणाच्या सहा पाकळ्या पातळ काप, ठेचू नकोस. कढईत दोन मोठे चमचे तेल. ऑलिव्हचं असेल तर उत्तम, नसेल तर शेंगदाण्याचं. मोहरीचं नको, त्याचा वास सगळ्यावर चढतो. तेल गरम व्हायच्या आधीच लसूण घाल आणि गॅस बारीक ठेव. लसूण कडेनं सोनेरी दिसला की लगेच टोमॅटो ओत. मंगळवारी मी अर्धं मिनिट उशीर केला तर लसूण तपकिरी झाला आणि सगळ्या रसात कडवटपणा उतरला. तसं झालं तर तो लसूण काढून पुन्हा कर, टोमॅटो घालून झाकू पाहू नकोस. लाल तिखट अर्धा चमचा, मीठ बेतानं, टोमॅटो आंबट असेल तर गुळाचा खडा. ओरेगानोच्या पुड्या घरात साठलेल्या असतील तर चालतील. नसतील तर चिमूटभर ओवा तळहातावर चोळून घाल, वास त्याच घराण्यातला आहे. रस दहा-बारा मिनिटांत आटतो आणि कडेनं तेल दिसू लागतं.

पाण्याला खळखळून उकळी आली की पास्ता सोड आणि पहिली दोन मिनिटं ढवळत राहा. चिकटायचा असतो तो याच दोन मिनिटांत. मग अधूनमधून. भाजी घालायची असेल तर शेवटची तीन मिनिटं राहिली की त्याच पाण्यात बटला टाक, किंवा गाजराच्या काड्या, फुलकोबीचे बारीक तुरे. वेगळं भांडं लागत नाही. तुमच्या पुण्यात बटला म्हटलं तर दुकानदार बघत राहील, मटार माग.

पास्ता झाला हे ओळखणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी घड्याळ पुरत नाही. पाकिटावर अकरा मिनिटं असली तर नवव्याला एक तुकडा काढ, फुंकर घाल आणि चावून बघ. मी मंडीत असताना गव्हाचं पोतं घ्यायचं की नाही हे दाणा दाताखाली फोडून ठरवायचो. पिचला तर ओल आहे; टच्कन तुटला आणि आत काचेसारखा दिसला तर माल चोख. तीस वर्षं हेच केलं. पास्त्यालाही दातच विचारायचे. बाहेरून मऊ, पण मधोमध किंचित विरोध लागला पाहिजे. तुकडा तोडलास तर आत पांढरा ठिपका दिसेल, अगदी टाचणीच्या टोकाएवढा. इटालियन लोक याला 'अल देंते' म्हणतात, म्हणजे दाताला लागेल असा. तिथं गॅस बंद, कारण राहिलेलं शिजणं रसात होणार आहे.

आजीचे दात आता फार राहिलेले नाहीत. तिचा वाटा मी भांड्यातच आणखी चार मिनिटं ठेवला आणि मग वेगळ्या वाटीत रसात कालवला. ती म्हणाली, शेवयांच्या उपम्यासारखा लागतो. दोन वाट्या खाल्ल्या.

निथळण्याआधी एक वाटीभर ते गढूळ पाणी काढून ठेव. हे विसरू नकोस, मी पहिल्या दिवशी विसरलो आणि रस कोरडा, सुटा राहिला. त्या पाण्यात सुटलेला स्टार्च तेल आणि टोमॅटोचं पाणी एकत्र धरतो. पास्ता चाळणीत ओत, गार पाण्याखाली धरू नकोस, तसाच गरम कढईत घाल, अर्धी वाटी ते पाणी घाल आणि मोठ्या गॅसवर मिनिटभर परतून घे. रस पास्त्याला बिलगलेला दिसला पाहिजे. ताटात खाली पाणी साचलं तर अजून अर्धं मिनिट.

चीजबद्दल एक सांगतो, कारण आपलं घर शाकाहारी आहे आणि तू तिथंही पाळतोस. पार्मेजान नावाचं मूळ इटालियन चीज वासराच्या जठरातल्या पाचकरसानं दूध विरजून करतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघूनच घे. आपला साधा चीजचा क्यूब खिसून चालतो. मी आज शंभर ग्रॅम पनीर कुस्करून घातलं, पोटाला आधारही होतो.

आणि वर शेव घातली. तुझी आई आधी नको म्हणत होती. पण मी विचार करून घातली होती. सिसिलीच्या गरीब घरांत चीज परवडायचं नाही म्हणून शिळ्या पावाचा चुरा तेलात भाजून पास्त्यावर घालत. मऊ घासाला काहीतरी कुरकुरीत हवं, एवढीच त्यामागची गरज. ते काम आपली शेव चोख करते. लवंगेची बारीक शेव घे. जीरावन मसाला मात्र घालू नकोस, ते पोह्यांनाच शोभतं. टोमॅटो-लसणाच्या वासाला ते पुढं येऊ देत नाही.

एक छोटं काम आणखी. उन्हाळ्यात सरबतात घालतो तो सब्जा एका कुंडीत पेर. बेसिल म्हणून महाग विकतात ती पानं त्याच रोपाची. वृंदावनातली तुळस आजी स्वयंपाकात घालू देणार नाही आणि मीही घालणार नाही, पण सब्जा तिचा भाऊ आहे. तुझ्या खिडकीत ऊन येतं, महिनाभरात चार-सहा पानं खुडता येतील.

भांडी दोनच लागतात, कुकर आणि कढई. ती रात्रीच घास. सकाळी टोमॅटो वाळून बसतो आणि मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्याकडे जावंसं वाटत नाही. आणि जेवताना बसून जेव. ताट घेऊन, मित्राला हाक मारून. तू उभ्या उभ्या कढईतूनच खातोस हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण माझ्या पहिल्या नोकरीत मी उज्जैनला एकटा होतो तेव्हा तसंच करायचो, आणि वर्षभरानं घरी आलो तेव्हा आजी मला बघून रडली होती.

शनिवारी शेजारचे काका पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर अर्धा किलो शेव, आजीनं बांधलेली गव्हल्यांची पुडी आणि एक खिसणी पाठवतो, तुझ्याकडे नाही. सोमवारी पाणी ठेवलंस की मला फोन कर. उकळी यायला दहा मिनिटं आहेत. फोन स्पीकरवर ठेव आणि टोमॅटो खिसत बोल.

तुझा,
बाबा