पाम तेलाचे मानक गाळप कारखान्याच्या दारात लागू करा: केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय कृषी व शेतकरी कल्याण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: पाम तेलाच्या शाश्वत उत्पादनासाठी बंधनकारक कायदेशीर व तांत्रिक मानके निश्चित करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑइल पामसाठीच्या राष्ट्रीय खाद्यतेल अभियानाला मंजुरी दिली. त्यासाठी ११,०४० कोटी रुपयांची तरतूद झाली, २०२५-२६ पर्यंत आणखी साडेसहा लाख हेक्टरवर लागवड करण्याचे उद्दिष्ट ठरले आणि ईशान्येकडील राज्ये व अंदमान-निकोबार बेटे यांवर विशेष भर देण्यात आला. रोपांसाठी किती मदत मिळेल, भाव पडल्यास तफावत कशी भरून काढली जाईल, हे सारे त्या अभियानात नेमकेपणाने मांडलेले आहे. हे झाड कोणत्या जमिनीवर लावायचे नाही, आणि तरीही लावले गेल्यास त्याच्या फळाचे काय करायचे, याचे उत्तर देणारे बंधनकारक राष्ट्रीय मानक मात्र आपल्याकडे नाही. ते आपल्या मंत्रालयाने तयार करावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी ऑइल पामचा विरोधक नाही. चांगल्या बागेतून हेक्टरी साडेतीन ते चार टन तेल मिळते, तर सोयाबीनमधून हेक्टरी अर्धा टनही मिळत नाही. पामऐवजी दुसरे तेल वापरायचे ठरवले, तर तेवढ्याच तेलासाठी कितीतरी पट अधिक जमीन नांगराखाली आणावी लागेल. माझा आक्षेप पिकाला नसून ते बंधनाविना पसरू देण्याला आहे. हे झाड तीन-चार वर्षांनी फळाला येते आणि पंचवीस-तीस वर्षे उभे राहते. चुकीच्या जागी झालेली लागवड पुढच्या हंगामात सुधारता येत नाही, ती एका पिढीवर लादली जाते. म्हणूनच मानकाचा अंमल खड्डा खणण्यापूर्वीच सुरू झाला पाहिजे.

पहिला प्रश्न जमिनीचा आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमिनीवर पाम किंवा तेल देणाऱ्या वनस्पतींची लागवड करणे हा वनेतर उपयोग ठरवला आहे, त्यामुळे नोंदलेल्या वनांना तेवढे तरी संरक्षण आहे. ईशान्येत मात्र फार मोठे क्षेत्र समाजाच्या ताब्यातील जंगलांचे आणि झूम शेतीच्या फिरत्या चक्रातील जमिनींचे आहे. झूममध्ये एक-दोन वर्षे पीक घेऊन जमीन अनेक वर्षे मोकळी ठेवतात आणि त्या काळात तिच्यावर बांबू व झाडोरा पुन्हा उभा राहतो. सरकारी कागदावर अशी जमीन सहज ‘पडीक’ ठरते आणि नव्या लागवडीसाठी योग्य जमिनींच्या यादीत जाऊन बसते. मिझोरममधील डम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झूमच्या क्षेत्रात जंगलातील पक्ष्यांच्या जाती ऑइल पामच्या बागांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळल्या. आपण जिला ओसाड म्हणतो ती जमीन जिवंत आहे, आणि जिला हिरवी करतो म्हणतो ती त्याहून गरीब होते. तेव्हा मानकात ‘पडीक’ या महसुली शब्दावर विसंबू नये. जमिनीवर आज काय उभे आहे, त्यात किती कार्बन साठलेला आहे, तिच्यावर कोणाचा परंपरेने हक्क आहे आणि त्या लोकांनी पूर्ण माहिती घेऊन, दबावाविना संमती दिली आहे का, एवढे तपासल्याशिवाय कोणताही भूखंड लागवडीस पात्र ठरू नये.

त्यासाठी एक कटऑफ तारीख लागेल, म्हणजे जिच्यानंतर जंगल तोडून तयार केलेली जमीन लागवडीस अपात्र ठरेल अशी तारीख. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या जंगलतोडविरोधी नियमात ३१ डिसेंबर २०२० ही तारीख धरली आहे आणि पाम तेलासह सात वस्तूंसाठी भूखंडाचे अक्षांश-रेखांश मागितले आहेत. त्या नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली असली, तरी आपणही हीच तारीख स्वीकारावी, असे मला वाटते. ती आपल्या अभियानाच्या आधीची आहे, आणि निर्यातदार देशांमध्ये त्याच तारखेच्या हिशेबाने नकाशे व नोंदी तयार होत आहेत. त्या तारखेनंतर सरकारच्याच आवाहनाला प्रतिसाद देऊन ज्या शेतकऱ्याने चुकीच्या जमिनीवर रोपे लावली, त्याला मात्र दंड करू नये. ज्या कंपनीने ती रोपे वाटली, तिने भरपाईची आणि जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी घ्यावी.

आता मी या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ऑइल पामचा घड तोडल्यावर फळातील विकरे (एन्झाइम) तेलाचे विघटन सुरू करतात आणि मुक्त मेदाम्ले वाढून तेलाचा दर्जा घसरत जातो. म्हणून घड साधारण २४ ते ४८ तासांत कारखान्यात पोहोचून वाफेवर उकडला जावा लागतो. याचा अर्थ असा, की प्रत्येक बाग कुठल्यातरी कारखान्याच्या काही तासांच्या अंतरावर असते आणि प्रत्येक घड त्याच दारातून आत जातो. तेल एकदा शुद्धीकरण कारखान्याच्या टाकीत मिसळले, की ते कोणत्या डोंगरावरचे आहे हे कोणीही सांगू शकत नाही. तपासणीची खरी जागा गाळप कारखान्याच्या वजनकाट्यावर आहे. आंध्र प्रदेशाने १९९३ मध्ये आणि मिझोरमने २००४ मध्ये ऑइल पामच्या उत्पादन व प्रक्रियेचे नियमन करणारे कायदे केले. आंध्रातील व्यवस्थेत प्रत्येक कारखान्याला क्षेत्र नेमून दिलेले असते आणि त्या क्षेत्रातील फळ त्याच कारखान्याकडे जाते. उसाच्या झोनबंदीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकांना या व्यवस्थेतले धोके वेगळे सांगायला नकोत. पण शेतकऱ्याला कारखान्याशी बांधणारा कायदा कारखान्यालाही बांधू शकतो. कारखान्याच्या परवान्यात एकच अट घालावी: नोंदणीकृत आणि पात्र ठरलेल्या भूखंडाचेच फळ घेता येईल, आणि भूखंडांची यादी नकाशासह सर्वांना पाहता येईल. अट मोडल्यास परवाना स्थगित व्हावा.

ही जबाबदारी स्वेच्छेवर सोडून चालणार नाही. भारतासाठीही एक स्वयंस्फूर्त चौकट तयार झालेली आहे आणि तिच्यामागचे श्रम मला मोलाचे वाटतात. पण २००४ मध्ये स्थापन झालेल्या शाश्वत पाम तेलाच्या आंतरराष्ट्रीय मंचाचे, म्हणजे आरएसपीओचे, प्रमाणपत्र इतक्या वर्षांनंतरही जगातील सुमारे एक-पंचमांश पाम तेलापुरतेच पोहोचले आहे. इंडोनेशियाने २०११ मध्ये आणि मलेशियाने २०२० पासून राष्ट्रीय मानक बंधनकारक केले. बंधन घातले म्हणजे सारे साधले, असेही नाही. ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच शुल्क घेणारा लेखापरीक्षक कठोर राहणे कठीण असते. म्हणून तपासणीचे शुल्क कारखान्यांनी एका सार्वजनिक निधीत भरावे आणि परीक्षकाची नेमणूक त्या निधीकडून व्हावी. छोट्या शेतकऱ्यांच्या प्रमाणीकरणाचा खर्चही याच निधीतून भागवावा. दोन एकरांच्या बागेसाठी कागदपत्रे आणि नकाशे करण्याचा भार शेतकऱ्यावर टाकला, तर मानकाचा पहिला बळी तोच ठरेल.

तांत्रिक बाजूने दोन गोष्टी अटळ आहेत. कोरड्या प्रदेशात उन्हाळ्यात प्रौढ झाडाला दिवसाला सुमारे दोनशे लिटर पाणी लागते आणि हेक्टरी १४३ झाडे असतात, म्हणजे रोज अठ्ठावीस हजार लिटरांहून अधिक. भूजलाची पातळी आधीच खालावलेल्या भागात नवी लागवड मंजूर होऊ नये आणि इतरत्र ठिबक सिंचनाची अट असावी. दुसरी गोष्ट कारखान्याच्या सांडपाण्याची. एक टन कच्च्या तेलामागे साधारण अडीच ते तीन टन सांडपाणी निघते. ते उघड्या तलावात कुजत ठेवले, की मिथेन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक आहे. तलाव झाकून तो वायू बॉयलर किंवा वीजनिर्मितीसाठी वापरण्याचे तंत्र चांगले रुळलेले आहे. नव्या कारखान्याला त्याशिवाय अनुदान देऊ नये.

शेवटी आयातीविषयी. अभियानाचे २०२९-३० चे उद्दिष्ट २८ लाख टन कच्च्या तेलाचे आहे, आणि आपण वर्षाला साधारण ७५ ते ९५ लाख टन पाम तेल आयात करतो. मानक फक्त देशी बागांना लावले, तर आपल्या शेतकऱ्यावर अटी येतील आणि इंडोनेशिया-मलेशियातील बोर्निओ बेटाच्या दलदलीतील जंगल तोडून आलेले तेल विनाअट बंदरात उतरेल. पाम तेलापासूनच्या जैवइंधनावर युरोपीय संघाने घातलेल्या निर्बंधांविरुद्ध मलेशियाने केलेल्या तक्रारीवर मार्च २०२४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने संघाचा पर्यावरणासाठी नियम करण्याचा अधिकार मान्य केला, पण ते नियम आखण्याच्या व राबवण्याच्या पद्धतीत दोष दाखवले. त्यातून घेण्यासारखा धडा असा, की देशी आणि आयात तेलाला तोच निकष असावा, तो आधी जाहीर व्हावा आणि तयारीसाठी पुरेसा अवधी द्यावा. जगातील सर्वांत मोठ्या खरेदीदाराने भूखंडाची नोंद मागितली, तर विकणाऱ्याला ती द्यावी लागेल.

या मानकाचा मसुदा तयार झाल्यावर तो फक्त हिंदी आणि इंग्रजीत जाहीर न करता मिझो, तेलुगू, आसामी आणि लागवड होत असलेल्या इतर प्रदेशांच्या भाषांतही प्रसिद्ध करावा, ग्रामसभा व ग्राम परिषदांपुढे ठेवावा, आणि तोवर ईशान्येत व अंदमानात नव्या भूखंडांना मंजुरी देणे थांबवावे, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
तेलबिया धोरणाचा एक अभ्यासक