"नकाशातली काच कुठाय?" : एक जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही अशी तुमची अट आहे, म्हणून नुसतं 'सर'. पत्र मात्र मुद्दाम जाहीर लिहितोय. ज्या नोंदीखाली माझं नाव येणार आहे ती निम्म्याहून अधिक तुमची आहे, आणि कोशात नोंदीखाली आभार मानायला जागा नसते.

भूगोलाच्या परिभाषा कोशात माझ्या वाट्याला 'का' आलं होतं. कातळ, कार्स्ट, कालवा यांवर घाम गाळायची मनाची तयारी होती. 'काच' म्हणजे दहा मिनिटांचं काम समजून मी चार ओळी लिहून टाकल्या : वाळू, सोडा, चुना, ज्वालामुखीतूनही नैसर्गिक काच बनते, पाहा 'ऑब्सिडियन'. मसुदा परीक्षणासाठी तुमच्याकडे गेला आणि परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "आणि नकाशातली काच कुठाय?"

खरं सांगतो, राग आला होता. मराठीत काच म्हणजे जाचही; दोरीचा काच, सासुरवासाचा काच. तो आठवडाभर माझ्या डोक्यात काचेचा हाच एक अर्थ होता.

मग तुमच्याकडे आलो. वाटलं होतं पुस्तकं काढाल. तुम्ही टोटल स्टेशन, म्हणजे प्रकाशकिरण पाठवून अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र काढलंत, समोर तिपाईवर तो किरण परत फिरवणारा काचेचा प्रिझम लावलात आणि मला अंतर मोजायला सांगितलंत. मी मोजलं. मग यंत्रातला प्रिझम स्थिरांक, म्हणजे प्रिझमपायी मोजलेल्या अंतरात करायची दुरुस्ती, उणे ३० मिलिमीटर होता तो शून्य केलात आणि म्हणालात, "आता परत मोज." तिपाई तीच, प्रिझम तोच, आणि अंतर बरोबर ३० मिलिमीटरने वाढलेलं. मी बावळटासारखा प्रिझम हलला का ते बघायला गेलो. तुम्ही हसला नाहीत, याबद्दल आधी वेगळे आभार.

काचेत प्रकाशाचा वेग हवेतल्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश होतो. यंत्र मोजतं तो वेळ. त्यामुळे चार सेंटिमीटर काच त्याला सहा सेंटिमीटर हवेसारखी भासते, आणि प्रिझम दांड्याच्या लंबरेषेच्या किती पुढे-मागे बसवलाय तेही हिशेबात धरावं लागतं. स्थिरांक चुकला तर त्या दिवशीची सगळी अंतरं तेवढ्यानेच चुकतात, आणि सगळीच सारखी चुकल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. ज्या काचेला मी 'पारदर्शक' म्हणून मोकळा झालो होतो ती जमिनीची लांबी बदलत होती. माझ्या चार ओळींचं भिंग तिथेच फुटलं.

त्यानंतर तुम्ही ब्रिटिश सर्वेक्षक जनरल विल्यम रॉय यांची गोष्ट सांगितलीत. नोंदीतला माझा सगळ्यांत आवडता भाग तोच. १७८४ साली लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथ या माळावर त्यांना त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायची होती. पायारेषा म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू; ती मोजली की पुढचे सगळे त्रिकोण कोनांवरून काढता येतात. पण ती एक बाजू चुकली की पुढचं सगळं चुकतं. त्यांनी आधी लाकडी दांडे वापरून पाहिले. हवा दमट झाली की लाकूड फुगायचं, सुकली की आकसायचं. मग त्यांनी प्रत्येकी २० फुटी काचनळ्या करून घेतल्या. काच दमटपणाने फुगत नाही आणि तापमानाने तिची लांबी बदलते तीही बेताने. अशा नळ्या माळावर एकापुढे एक मांडत त्यांनी पाच मैलांहून थोडी अधिक, म्हणजे २७,४०० फुटांच्या आसपासची रेषा मोजली. १७९१ मध्ये तीच रेषा पोलादी साखळ्यांनी पुन्हा मोजली गेली तेव्हा फरक निघाला तीन इंचांच्या आत. त्या रेषेच्या एका टोकाला आज हीथ्रो विमानतळ आहे. हे सांगताना तुम्ही हाताने नळी टोकाला टोक लावून ठेवल्यासारखं करत होतात, ते अजून डोळ्यांपुढे आहे. हातभर काचेची नळी नेतानाही माझा जीव वर-खाली होतो. हे लोक २० फुटी नळ्या उघड्या माळावर उचलत होते!

जर्मन गणिती गाउस यांचा सर्वेक्षणातला किस्सा मला अर्धवट ठाऊक होता. १८१८ मध्ये ल्यूनबुर्गहून निरीक्षण करताना हॅम्बुर्गच्या सेंट मायकेल चर्चच्या मनोऱ्यावरची एक खिडकी उन्हात चमकली आणि त्यांच्या दुर्बिणीत नको असताना झगमगाट झाला. दुसरा कुणी वैतागला असता. गाउस यांनी त्या त्रासातूनच हेलिओट्रोप काढलं, १८२१ मध्ये : आरशाने सूर्यकिरण मुद्दाम दूरच्या निरीक्षकाकडे फेकायचा, म्हणजे जिथे मनोरा दिसत नाही तिथेही ठिपक्याएवढा उजेड दिसतो.

थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्रातल्या काचेच्या वर्तुळांबद्दल मी थोडक्यात आवरलंय, रागावू नका. धातूच्या वर्तुळावर कोरलेले अंश बाहेरून भिंग लावून वाचावे लागत. हाइनरिख विल्ड यांनी १९२०च्या दशकात ते काचेवर आणले, त्यामुळे प्रकाश आरपार जाऊन आकडे थेट नेत्रिकेजवळ दिसू लागले आणि यंत्र लहान झालं. एका सेकंदाच्या (म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाच्या) कोनाची चूक एक किलोमीटरवर पाच मिलिमीटरची होते, एवढं वाक्य मात्र तुमच्या शब्दांत जसंच्या तसं ठेवलंय.

चंद्रावरच्या फोटोंमधल्या बारीक फुल्या मला लहानपणापासून छपाईचे डाग वाटत आले होते. त्या काचेच्या आहेत, हे तुमच्याकडून कळलं! अपोलोच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी पुढे काचेची पट्टी असे, तिच्यावर दहा-दहा मिलिमीटरवर पाच गुणिले पाच फुल्या कोरलेल्या. फिल्म ताणली किंवा आकसली तर फुल्यांमधलं अंतर बदलतं आणि फोटोवरून मोजमाप करणाऱ्याला ते सुधारून घेता येतं. चंद्रावर ठेवलेले परावर्तकही काचेचेच. त्यांच्यावर लेसर मारून चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातोय हे मोजता येतं. आणि १९७६चा लॅजिओस उपग्रह, ६० सेंटिमीटर व्यासाचा गोळा : ना इंजिन, ना कॅमेरा, अंगभर ४२६ परावर्तक, त्यांतले चार सोडून सगळे सिलिका काचेचे. खंड वर्षाला किती सेंटिमीटर सरकतात हे ज्या मोजमापांवरून कळतं, त्यांत या गोळ्याचा वाटा आहे. अंतराळातला सर्व्हेचा प्रिझमच तो, असं तुम्ही म्हणालात. मला याहून चांगली व्याख्या सुचली नाही, म्हणून तीच चोरली.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलेलं नाही. नैसर्गिक काचेला तुम्ही शेवटी टाकलं होतंत, मी ती पुन्हा वर आणली. कारण ऑब्सिडियन हा नुसता दगड नाही, तो पत्ता आहे. प्रत्येक ज्वालामुखीच्या काचेत सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे दूरवर सापडलेल्या तुकड्याचं मूळ सांगता येतं. ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रँक्थी गुहेत १०,०००हून अधिक वर्षांपूर्वीच्या थरांत मेलोस बेटावरची काच मिळाली, म्हणजे तेव्हा कुणीतरी समुद्र ओलांडत होतं. बोहेमियातली (आजच्या चेक प्रजासत्ताकातली) हिरवी मोल्डावाइट काच, जर्मनीतलं रीस विवर ज्या अशनीच्या आघाताने झालं त्यातून उडून आलेली, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी. त्या प्रवासांचा नकाशा कुणी कागदावर काढला नव्हता, तो या तुकड्यांवरूनच जुळवावा लागतो.

जहाजावरचं २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ ठेवलंय. तेवढ्या वेळात दोराच्या किती गाठी हातातून सुटल्या त्यावरून वेग, वेगावरून नकाशावरची जागा; काचेशिवाय 'नॉट' (गाठ, आणि जहाजाच्या वेगाचं एकक) नाही. इंग्रज खलाशी वायुभारमापकालाही काच म्हणायचे, ते मात्र गाळलं. तो त्यांच्या भाषेचा अर्थ, आपल्या नोंदीत कशाला? ओक्लाहोमातल्या 'ग्लास माउंटन्स'ना पायटीप दिली आहे : तिथे चमकतं ते सेलेनाइट, म्हणजे जिप्सम, आणि त्याच डोंगरांना 'ग्लॉस' असंही नाव आहे.

नोंद आता दीड पान झालीय. संपादक म्हणतात, पाऊण करा. काचनळ्यांना मी हात लावणार नाही, प्रिझमला तुम्ही लावू देणार नाही. तेव्हा पेन्सिल घेऊन पुन्हा एकदा बसायला हवं. पुढच्या आठवड्यात येऊ का? तिपाई या वेळी मी लावतो.

आपला कृतज्ञ,
'का'वाला