विषय: बॉक्सवर सीडी-आर, आरडब्ल्यू चालते लिहिलंय, गाडीत मात्र चालत नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमच्या कंपनीचा सीडीवाला कार स्टिरिओ आम्ही दिवाळीच्या आधी घेतला, बिलाची झेरॉक्स जोडली आहे. हाच का घेतला तर बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय की सीडी-आर (घरी एकदाच लिहिता येते ती) आणि सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येते ती) दोन्ही चालतात. प्रत्यक्षात सीडी-आर टाकली की सुरुवातीचे अभंग नीट वाजतात, पुढे पुढे अडखळायला लागतं आणि गाडी उन्हात उभी असेल तर सरळ एरर दाखवून डिस्क बाहेर. आरडब्ल्यू टाकली तर नो डिस्क म्हणतो, आत डिस्क असताना!

सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथला मुलगा म्हणे घरी बर्न केलेल्या सीडीची गॅरंटी नाही, ओरिजिनल वापरा. अहो, हा आमच्या गावच्या भजनी मंडळाचा काकडा आहे, जुन्या कॅसेटवरून मीच कॉम्प्युटरवर घेतलेला, यातले कितीतरी म्हणणारे आता हयात नाहीत. याची ओरिजिनल कुठल्या दुकानात मिळते ते त्यानेच सांगावं.

आता तुम्ही बर्निंग चुकलं म्हणाल म्हणून आधीच सांगतो. 700 एमबीची, 80 मिनिटांवाली चांगल्या ब्रँडची सीडी, फाइल 44.1 किलोहर्ट्झ 16 बिट, ऑडिओ सीडी म्हणूनच बर्न केलेली, स्पीड कमी ठेवून, डिस्क-अ‍ॅट-वन्स मोडमध्ये, म्हणजे सगळी सीडी एका दमात लिहिलेली, आणि फायनलाइजसुद्धा केलेली, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद केलेली. वर कागदी स्टिकर नाही, फक्त मार्करने नाव. हीच डिस्क घरच्या डीव्हीडी प्लेअरवर चालते, शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीतल्या कंपनी फिटिंग स्टिरिओतही शेवटपर्यंत चालते, मग दोष कुठे आहे ते उघड आहे ना?

सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटचे ट्रॅक कडेला येतात, आणि डिस्क जराशी डुगडुगली तरी कडेलाच जास्त जाणवतं. नेमकं तिथेच तुमचं मशीन हात टेकतं, म्हणून मला तरी पिकअपच, म्हणजे डिस्क वाचणारा लेसरचा भागच, कमजोर वाटतोय. आरडब्ल्यूवरून परत येणारा लेसरचा प्रकाश तर साध्या सीडीच्या निम्म्याहूनही बराच कमी असतो, हे काही नवीन नाही, हे माहीत असूनच तुम्ही बॉक्सवर आरडब्ल्यू छापलं असणार. मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानावर बारीक इंग्रजीत लिहिलंय म्हणे की काही डिस्क चालणार नाहीत. हे बॉक्सवर का नाही लिहिलं? मॅन्युअल काय दुकानात उघडून वाचायचं का??

मग सल्ला मिळाला एमपी3 करा. केलं. चालते, पण सलग चाललेला काकडा प्रत्येक ट्रॅकला मध्येच तुटतो, टाळ-मृदंग एकदम गप्प आणि मग परत सुरू, आणि मराठीत दिलेली नावं डिस्प्लेवर नुसते चौकोन. पेनड्राइव्ह लावा हेही ऐकून झालं. गाडी जास्त करून वडील चालवतात, त्यांना सीडी टाकून ऐकायची सवय आहे, आणि पैसे मी सीडी प्लेअरचे मोजलेत.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की माझ्यासमोर, माझीच डिस्क लावून युनिट तपासा. पिकअप खराब असेल तर वॉरंटीत बदलून द्या. आणि मॉडेलच असं असेल तर पैसे परत करा, दुसरं तसलंच युनिट नको. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करणार आहे, बॉक्सचे फोटो काढून ठेवलेत. फोनवर बघतो सर, कळवतो सर नको, उत्तर लेखी द्या.

आणि हो, सर्व्हिस सेंटरने टेस्टिंगला म्हणून एक सीडी ठेवून घेतली होती ती अजून परत दिलेली नाही. तिच्यावर मार्करने काकडा भाग 2 लिहिलंय, तेवढी आधी पाठवा.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक