दुभाजकाच्या पलीकडे थांबलेली रुग्णवाहिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत ३१ वर्षे गाडी चालवली. निवृत्तीनंतर पुण्यात नऱ्ह्याला, बाह्यवळण महामार्गापासून हाकेच्या अंतरावर राहतो. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार मला पाठ आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा धाक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ ला याच उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्या ठोकरल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला दोन मोठ्या वाहनांत सापडलेली मोटार पेटली. उतार, वेग, कॅमेरे यांवर तेव्हापासून खूप बोलणे झाले आणि ते हवेच होते. मला लिहायचे आहे ते अपघात झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाबद्दल.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी स्वामीनारायण मंदिराजवळ एक टेम्पो उलटला. डिलिव्हरीचे काम करणाऱ्या एका पोराचा पाय त्याखाली सापडला होता. आम्ही त्याला बाहेर ओढले. माझ्या खांद्यावरचा टॉवेल त्याच्या मांडीला घट्ट बांधून मी तिथेच बसलो. पोरगा सारखा एकच विचारत होता, ‘काका, घरी फोन केला का?’ मदतीसाठी फोन लावला, तर पहिला प्रश्न आला, नेमके कुठे? मंदिराच्या अलीकडे की पलीकडे, साताऱ्याहून येणारी बाजू की जाणारी? पावसात, ओरडाआरड्यात ते सांगता सांगता नाकी नऊ आले. मागे गाड्यांची रांग बोगद्याकडे वाढत गेली, सेवा रस्ता दुचाकींनी तुंबला. रुग्णवाहिका शेवटी समोरच्या मोकळ्या बाजूने आली, पण दुभाजकाला फटच नाही! चौघांनी स्ट्रेचर दुभाजकावरून उचलून पलीकडे नेले. पोरगा वाचला.

बोगद्यापासून वारज्यापर्यंत दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर लांबून दिसेल एवढा मोठा क्रमांक रंगवावा आणि तीच यादी नियंत्रण कक्षात असावी. ‘खांब ४७, मुंबईकडे जाणारी बाजू’ एवढे शाळकरी पोरगेही सांगू शकेल. दुभाजकात ठरावीक अंतरावर उघडता येणारी फाटके हवीत आणि ती उघडायचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेले हवे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, तेव्हा महामार्ग, महापालिका आणि पोलीस यांना एका टेबलाशी बसवणे त्यांच्याच हातात आहे. सरावही संध्याकाळी सातला, भर गर्दीत घ्यावा. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेतलेल्या सरावातून काय कळणार?

रस्त्यावर पहिला पोहोचतो तो आसपासचा माणूसच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, तरी ‘पोलिसांचे लचांड नको’ म्हणून लोक मागे सरतात. विसर्जनाला दोर धरून गर्दी आवरणारी आमच्या मंडळाची २२ मुले अपघातात मदत करण्याचे काम शिकायला तयार आहेत. त्यांची नावे कोणत्या कार्यालयात द्यायची, तेवढे संबंधितांनी आपल्या वृत्तपत्रातून कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी चालक, नऱ्हे, पुणे