आधी जुनी थकबाकी, मग घर

कोल्हापूर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा वहिनी जवळच होत्या, त्यामुळे तुला मोकळेपणी बोलता आलं नाही. रावेतचा फ्लॅट, ५२ लाख किंमत, बिल्डर टोकन मागतोय, एवढं कळलं. आणि फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून विचारलंस, ते जुनं क्रेडिट कार्डाचं प्रकरण आड येईल का? येईल. पण त्यातून वाट निघते, आणि ती कशी निघते ते नीट लिहावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलेलं निम्मं डोक्यातून जातं. हे कागद जवळ ठेव, पुढचे काही महिने लागतील.

पहिली गोष्ट, बिल्डरला अजून एक रुपयाही देऊ नकोस. करार नोंदवण्याआधी त्याला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असं रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, सांगतो. पण ५२ लाखांचे १० टक्के म्हणजे ५ लाख २० हजार झाले. ते दिलेस आणि नंतर कर्ज नामंजूर झालं, तर पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतील. ‘ही किंमत या महिन्यापुरतीच’ असं साइटवरची पोरं दर महिन्याला सांगतात. त्या घाईत पडू नकोस.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘मी बुडव्या आहे’ असं तू म्हणालास, ते मला अजिबात आवडलं नाही. २०१८ साली कंपनीला कुलूप लागलं, त्याच महिन्यात अण्णांचं बायपास झालं, तेव्हा त्या कार्डावरच तू दवाखान्याचं बिल भरलंस. बँकेच्या कर्ज विभागात इतकी वर्षं काढल्यावर सांगतो, समोर बसणाऱ्यांत मुद्दाम बुडवणारे फार थोडे असतात. बाकीचे तुझ्यासारखे, एका वाईट वर्षात सापडलेले. आणि लाजेपायी बँकेच्या पायऱ्या चढत नाहीत, तेवढ्यात रक्कम फुगत जाते. तू तसं करू नकोस.

आता कामाचं. आधी तुझा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढ, म्हणजे तुझी कर्जं-कार्डं आणि ती कशी फेडलीस याची नोंद. आपण सगळेच ‘सिबिल’ म्हणतो, पण ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढ, कारण एकीकडे दिसतं ते दुसरीकडे दिसेलच असं नाही. वेबसाइटवर पैसे भरून सभासद व्हायला सुचवतील, त्याची काही गरज नाही.

रिपोर्ट हातात आला की वरच्या आकड्याकडे बघत बसू नकोस. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५०च्या वर असला की बँकेचा माणूस खूश असतो, एवढं पुरे. खरी गोष्ट आत असते. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन दिसतील, ३६ महिन्यांपर्यंतचे. प्रत्येक चौकोनात हप्ता किती दिवस थकला होता तो आकडा असतो. शून्य असलं तर वेळेवर भरलंय. तीस, साठ, नव्वद असं चढत गेलं असेल तर आमच्यासारख्याचं बोट तिथेच थांबतं. मग आम्ही वर जाऊन खात्याची स्थिती वाचतो. तुझ्या कार्डापुढे बहुतेक ‘रिटन-ऑफ’ असेल. म्हणजे बँकेनं आपल्या हिशेबात ती रक्कम बुडीत धरली. तुला माफ केली असं नव्हे, येणं कायम आहे. ‘अकाउंट सोल्ड’ असं काही लिहिलेलं असेल तर मात्र थांब. मग ते येणं बँकेनं एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलं असू शकतं, आणि पैसेही तिलाच भरायचे, दाखलाही तिच्याकडूनच घ्यायचा. आधी बँकेकडून लेखी विचारून घे की हे येणं आज कोणाच्या नावावर आहे.

आता तो वसुलीचा एजंट. मूळ थकबाकी ६४ हजार, व्याज आणि दंड धरून बँकेवाले २ लाख ९० हजार म्हणतायत, आणि ‘साहेब, ७० हजार टाका, विषय संपला’ असा त्याचा फोन. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, वर लेट फी, त्यामुळे आकडा एवढा फुगला यात नवल नाही. ७० हजार ऐकून तुला हायसं वाटलं असणार. पण हे असं मिटवलंस तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो. घराचं कर्ज देणारा त्याचा अर्थ एकच लावतो, की या माणसानं ठरलेल्यापेक्षा कमी दिले आणि बँकेनं तोटा सोसला. तो शेरा वर्षानुवर्षं राहतो. शिवाय तडजोड केलेल्या बँकेला पुढचे किमान १२ महिने तुला नवीन कर्ज देता येत नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पूर्ण फेडलंस तर खातं ‘क्लोज्ड’ होतं, बाकी शून्य दिसते. मागच्या थकलेल्या महिन्यांची नोंद तशीच राहते, पण पुढचा दरवाजा उघडतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं की तू एजंटशी बोलूच नकोस. थेट बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्याला, लेखी अर्ज कर. त्या वर्षी काय घडलं ते चार ओळींत लिही, दवाखान्याचं बिल आणि कंपनीचं पत्र जोड, आणि दंड व व्याज कमी करून अंतिम रक्कम कळवा अशी विनंती कर. आणि त्याच पत्रात सरळ विचार, ही रक्कम भरल्यावर तुम्ही क्रेडिट कंपन्यांना काय कळवणार, ‘क्लोज्ड’ की ‘सेटल्ड’? सूट दिली की काही बँका ‘सेटल्ड’च कळवतात. तसं असेल तर वरचे पैसे भरून पूर्ण मिटवायचं की नाही, ते तेव्हा ठरवता येईल. मला वाटतं, लाख-दीड लाख जास्त गेले तरी चालतील. कारण सांगतो. बऱ्याच बँका आता स्कोअर बघून व्याजदर ठरवतात. ४० लाखांचं २० वर्षांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी घेतलंस तर हप्ता साधारण ३४,७०० बसतो. तेच ९.२५नं घेतलंस तर ३६,६०० च्या पुढे. महिन्याचा फरक १,९०० वाटतो, पण २० वर्षांत ते साडेचार लाखांच्या वर जातं. आणि हे कर्ज मिळालं तरची गोष्ट.

कागदाशिवाय पैसे देऊ नकोस, हे मी हात जोडून सांगतो. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या. त्यांनी पाकिटातून जपून ठेवलेली पावती काढली. वहीच्या फाटलेल्या पानावर बॉलपेननं लिहिलेली रक्कम, खाली कुणाची तरी सही, बँकेचं नाव नाही की शिक्का नाही. घरी आलेल्या वसुलीच्या माणसाच्या हातात त्यांनी रोख दिले होते. बँकेकडे त्यातला पैसा पोहोचलाच नव्हता. त्या पावतीचं आम्ही काहीही करू शकलो नाही. म्हणून भरणा फक्त बँकेच्या नावावर, कार्डाच्या खात्यात, कुणाच्या खासगी यूपीआयवर मुळीच नाही. आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि मुदत लिहिलेलं पत्र, मग पैसे, मग ‘नो ड्यूज’, म्हणजे काही येणं बाकी नाही असा दाखला. तिन्ही कागद एका फायलीत.

तो एजंट रात्री नऊला तुझ्या मेव्हण्याला फोन करतो म्हणालास. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे, आणि नातेवाइकांना, मित्रांना त्रास द्यायलाही. फोनची तारीख-वेळ लिहून ठेव, बँकेकडे तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

तुझ्या ऑफिसातला कुणी म्हणाला ना, तीन वर्षं उलटली, आता काही करता येत नाही? ते अर्धवट आहे. मुदतीच्या कायद्यानं अशा येण्यासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात, हे बरोबर. पण दावा लावता येत नाही म्हणून येणं पुसलं जात नाही आणि रिपोर्टवरची नोंदही जात नाही. घराच्या कर्जाला अडवतो तो रिपोर्ट. उलट एक काळजी घे. मुदत गेलेलं कर्ज फेडीन असं तू सही करून लिहून दिलंस, तर ते वचन कायद्यानं बांधून घेतं. म्हणून आकडा पक्का होईपर्यंत ‘पूर्ण रक्कम भरतो’ असं कुठेही लिहू नकोस. वरच्या अर्जातही फक्त विनंती कर, आणि पाठवण्याआधी तो मला दाखव.

आणखी एक, जे तू फोनवर बोलला नाहीस पण मला आठवतं. तात्यांच्या सुरेशच्या ट्रॅक्टरला तू जामीन राहिलास ना? सहकारी बँकेचं कर्ज होतं. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि ते खातं तुझ्या रिपोर्टवर ‘गॅरंटर’ म्हणून दिसू शकतं. सुरेशनं हप्ते थकवले असतील तर तुझाच पाय अडकेल. त्याला सरळ विचार, भिडस्तपणा नको. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून जामीनकी संपल्याचा दाखला माग.

रिपोर्टात चुकीची नोंद निघाली, म्हणजे भरलेलं न भरलेलं दाखवलंय किंवा तुझं नसलेलं खातं आहे, तर तिथेच वाद नोंदव. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पैसे भरून झाल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी स्कोअर बघायला जाऊ नकोस. बँका माहिती ठरावीक दिवसांनीच पाठवतात, तेव्हा महिनाभर दम धर आणि मग नवीन रिपोर्ट काढ. तोपर्यंत पाच बँकांत अर्ज टाकू नकोस. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि ओळीनं दिसली की माणूस अडचणीत आहे असं वाटतं. आणि कार्ड फेडायला पर्सनल लोन घेण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाक. त्याचा हप्ता तुझ्या घराच्या कर्जाची पात्रता खाईल.

पैशांचं गणितही मांडून ठेव. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे १० लाख ४० हजार तुझे, वर मुद्रांक शुल्क वेगळं आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. कार्ड मिटवून तेवढे उरत नसतील तर घर सहा-आठ महिने पुढे ढकल. भाड्याच्या घरात आणखी एक दिवाळी झाली तरी काही बिघडत नाही.

आता शेवटचं, आणि हे लिहिताना मी बराच वेळ थांबलो. वहिनींना सांग. त्या सहअर्जदार असणार, त्यांचाही रिपोर्ट निघणार, आणि अधिकारी तुझ्या रिपोर्टचं पान उलटेल तेव्हा त्या तुझ्या शेजारच्या खुर्चीत असतील. २०१८चं ते कार्ड त्यांनी तिथे, परक्या माणसाच्या तोंडून ऐकावं हे मला बरं वाटत नाही. अण्णांच्या आजारपणात त्या रात्र-रात्र दवाखान्यात बसल्या होत्या. पैसे कुठून आले हे त्यांना कळलं तर राग येईल तो तू एकट्यानं ओझं वाहिलंस म्हणून. या आठवड्यातच सांग.

रिपोर्ट निघाले की चारही मला पाठव, आधार आणि पॅन नंबर खोडून. मी ओळ न् ओळ बघतो. शनिवारी आलास तर पहिला किंवा तिसरा धर, दुसऱ्या-चौथ्याला बँक बंद असते. मुक्कामालाच ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. अण्णांच्या तब्येतीचं कळव.

तुझा,
विजय